क्रीडामालिश आणि दुखापत-पुनर्वसन

खेळाडूचे आखडलेले स्नायू मालिश करून मोकळे करणे आणि दुखापतीनंतर त्याला टप्प्याटप्प्याने खेळण्याजोगे करणे, ही दोन कामे या व्यवसायात एकत्र येतात. पहिल्याचा आराम लगेच जाणवतो. दुसऱ्याला महिने लागतात आणि दुखापतीइतकाच खेळाडूचा उतावीळपणाही आवरावा लागतो.

महाराष्ट्रात हे काम तालमीत पूर्वीपासून चालत आले आहे. कोल्हापूरकडच्या तालमींत मेहनतीनंतर पठ्ठे एकमेकांचे अंग तेल लावून रगडतात. सांधा निखळला तर हाडवैद्य गाठायचा, ही जुनी रीत. पाश्चात्त्य मालिशीतले चोळणे, मळणे, थापटणे हे प्रकार डच वैद्य योहान मेत्सगर (१८३८–१९०९) यांच्यामुळे रूढ झाले, पण श्रेय बहुधा स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांना दिले जाते.

मालिशीने लॅक्टिक आम्ल निघून जाते, असे अजूनही सर्रास सांगितले जाते. त्यात तथ्य नाही. मेहनत थांबल्यावर साधारण तासाभरात शरीर स्वतःच ते वापरून टाकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकते ते मुख्यतः स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे. हा ठणका मालिशीने थोडा कमी होतो, शरीराची लवचीकता किंचित वाढते. वेग किंवा ताकद वाढल्याचा पुरावा मात्र नाही. तरीही संघाला मालिश करणारा हवा असतो, आणि ते योग्यच आहे. प्रशिक्षकापासून लपवलेली कळ खेळाडू बऱ्याचदा त्याच्यापाशी बोलून दाखवतो.

हात कुठे लावायचा नाही, हे कळणे अधिक महत्त्वाचे. मांडीला जबर मुका मार लागला असताना ती जागा रगडली, तर रक्त साकळलेल्या स्नायूत हाड धरण्याचा धोका वाढतो. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. अशा वेळी मालिश न करता डॉक्टरांकडे पाठवावे.

पुनर्वसनाचा खरा कस गुडघ्यात लागतो. कबड्डीत चढाई करताना घोटा पकडला गेला आणि अंग वळले, की गुडघा पिळवटून एसीएल हा अस्थिबंध तुटू शकतो. शस्त्रक्रियेनंतर आधी सूज उतरवायची, गुडघा पूर्ण सरळ करायचा, मांडीचा सुकलेला स्नायू भरून आणायचा; मग धाव, उडी आणि शेवटी अचानक दिशा बदलणे. साधारण नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरल्यास पुन्हा दुखापत होण्याची भीती बरीच जास्त असते. केवळ दिवस मोजूनही भागत नाही. दुखापत झालेल्या पायावरची उडी चांगल्या पायावरच्या उडीच्या किमान ९० टक्के पडावी, अशी चाचणी सर्रास वापरतात. या टप्प्यांत मालिशीचा वाटा लहानच. गुडघा सावरतो तो हळूहळू वाढवत नेलेल्या भाराने.

भारतात यासाठी फिजिओथेरपीची पदवी आणि पुढे क्रीडा विषयातले पदव्युत्तर शिक्षण हा रुळलेला मार्ग आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपी संलग्न आरोग्य व्यवसायांच्या नियमनाखाली आली.

उत्तेजकविरोधी नियमांची धास्तीही या कामात असते. मार्च २०२४ मध्ये टेनिसपटू यानिक सिन्नरच्या चाचणीत क्लोस्टेबोल हे बंदी असलेले द्रव्य सापडले. त्याच्या फिजिओथेरपिस्टने स्वतःच्या बोटाच्या जखमेवर ते असलेला फवारा मारला होता आणि हातमोज्यांशिवाय मालिश केली होती. सिन्नरचा हेतू नव्हता हे मान्य झाले, तरी फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याने तीन महिन्यांची बंदी स्वीकारली, कारण सोबतच्या माणसांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी नियमांनुसार खेळाडूवरच येते.