शिरांवरील उपचारानंतरचा प्रवास: प्रश्न विमानाचा की बैठकीचा?

गणेशचवथीसाठी गोव्यातल्या घरी आलेला आखातातला नोकरदार किंवा जहाजावरचा तारवटी पुष्कळदा त्याच रजेत पायांच्या फुगलेल्या शिरांवरचे, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्सचे, उपचार उरकून घेतो आणि परतीच्या तिकिटाची तारीख जवळ आली की विमानात बसावे की नाही, या विवंचनेत पडतो. माझ्या मते विमानापेक्षा त्याने, न हलता किती तास बसावे लागणार आहे, याचा हिशेब आधी करावा.

पायातले रक्त वर चढवण्याचे काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते आवळले जाऊन खोलवरच्या शिरा पिळतात आणि शिरांमधल्या झडपा रक्ताला खाली परतू देत नाहीत. या झडपा निकामी झाल्या की त्वचेखालच्या शिरा फुगतात. लेसर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीच्या उपचारात अशी शीर आतून उष्णता देऊन बंद करतात. पायातले सुमारे ९० टक्के रक्त खोल शिरांतूनच वाहत असल्यामुळे त्या एका शिरेवाचून काही अडत नाही. क्वचित मात्र बंद केलेल्या शिरेतली रक्ताची गुठळी जांघेपाशी खोल शिरेत डोकावते, आणि उपचारानंतर शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी करतात ती प्रामुख्याने याच शंकेपोटी.

रक्त गोठण्यामागची तीन कारणे जर्मन वैद्यक रुडॉल्फ फिरखो यांच्या नावाने ओळखली जातात: प्रवाह मंदावणे, शिरेच्या भिंतीला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. उपचारानंतर इजा ताजी असते आणि लांबच्या बैठकीने प्रवाहही मंदावतो. ही गोष्ट विमानापुरती नाही. १९४० मध्ये लंडनवर बॉम्बहल्ले होत असताना आश्रयस्थानांत खुर्च्यांवर बसून रात्री काढणाऱ्यांपैकी काही जण फुप्फुसात गुठळी अडकून दगावल्याची नोंद कीथ सिम्पसन यांनी केली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार विमान, मोटार, बस किंवा रेल्वे यांपैकी कशानेही चार तास वा अधिक प्रवास केल्यास गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. तरीही निरोगी माणसात तो सहा हजारांत एक इतकाच असतो. नुकताच उपचार झालेल्याने मात्र या आकड्यावर विसंबू नये.

म्हणूनच गोव्यातल्या दाबोळी किंवा मोपा विमानतळावरून मुंबईचे तासा-सव्वातासाचे विमान हे रात्रभर बसमध्ये पाय लोंबकळत ठेवून बसण्यापेक्षा पायांना सुसह्य ठरते. लंडनचे सुमारे दहा तासांचे उड्डाण ही वेगळी बाब आहे. अनेक शल्यविशारद चार तासांहून लांबचा प्रवास सुमारे चार आठवडे पुढे ढकलायला सांगतात आणि जवळच्या प्रवासाला त्याआधी परवानगी देतात. पूर्वी गुठळी झालेली असल्यास, कर्करोग असल्यास किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असल्यास हा निर्णय रुग्णागणिक बदलतो, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वीच उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे.

प्रवासात मापाचे दाबमोजे घालावेत. आपल्या दमट हवेत ते नकोसे होतात हे खरे, पण दाबमोज्यांमुळे लांबच्या उड्डाणांत लक्षणे न दिसणाऱ्या गुठळ्यांचे प्रमाण घटते, असे अभ्यासांत आढळले आहे. घोटे फिरवत राहावे, अधूनमधून उठून चालावे, झोपेची गोळी आणि मद्य टाळावे. अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने घेऊ नये.

उपचारानंतर मांडीत दोरी ओढल्यासारखा ताण किंवा निळसर डाग काही दिवस राहणे स्वाभाविक आहे. एकच पाय सुजणे, पोटरी गरम होऊन दुखणे, अचानक धाप लागणे किंवा छातीत कळ येणे मात्र स्वाभाविक नाही. तेव्हा गोव्यात असल्यास १०८ वर फोन करावा. गुठळीचा हा धोका प्रवासानंतरही काही आठवडे टिकतो, आणि मालवाहू जहाजावर बहुधा ना डॉक्टर असतो ना सोनोग्राफीची सोय. म्हणून तारवट्याने डॉपलर तपासणी करून घेऊन तिचा अहवाल हाती आल्यावरच जहाज गाठावे.