आवडता सिनेमा घेऊन या, क्लास आपण मिळून शोधू
(टेबलावर पहिल्यांदा बसणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्या दुकानात डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर पहिल्यांदा बसणारा माणूस सहसा नियमांचं पुस्तक वाचून आलेला नसतो. तो सिनेमा बघून आलेला असतो. "मला सामुराई व्हायचंय", "जॅकी चॅन करतो तसं झोकांड्या खात लढता येतं का?", "व्हॅम्पायरला पळवून लावणारा कुणी असतो का हो यात?" असे प्रश्न आम्हाला सतत ऐकायला मिळतात आणि ते ऐकून आम्हाला मनापासून आनंद होतो. सिनेमा मनात घेऊन येणं हा या खेळात शिरायचा जुना आणि चांगला रस्ता आहे. फक्त त्या सिनेमातून नेमकं काय उचलायचं, हे आधी ठरलेलं बरं. एवढ्यासाठीच हे पत्रक.

आधी क्लास म्हणजे काय ते थोडक्यात. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्या डोळ्यांसमोर क्लास म्हटल्यावर शिकवणी येते. इथे क्लास म्हणजे तुमच्या पात्राचा पेशा. गोष्ट चालवणारा डंजन मास्टर प्रसंग सांगतो आणि विचारतो, "आता तुम्ही काय करता?" तुम्ही सांगता, फासा टाकता आणि गोष्ट पुढे सरकते. इतरांना जमत नाही असं नेमकं काय तुमच्या पात्राला जमतं, ते क्लास ठरवतो.

हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात तीनच क्लास होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक. पहिले दोन कुठल्याही राजा-राक्षसाच्या गोष्टीत सापडतात. तिसरा मात्र जरा वेगळा आहे. चिलखत घालणारा, हातात गदा घेणारा, देवाची प्रार्थना करणारा आणि भुताखेतांना मागे हटवणारा हा माणूस आला कुठून?

दोन शमादानांची गोष्ट

आला तो सिनेमातून. खेळ छापला जाण्याआधी आर्नेसन मिनेसोटामध्ये आपल्या मित्रांना 'ब्लॅकमूर' नावाच्या काल्पनिक मुलखात खेळवत असत. तिथे एका खेळाडूचं पात्र व्हॅम्पायर झालं. त्याचं नाव सर फँग. हा सर फँग इतका बलवान होत गेला की बाकीच्यांना तो आवरेना. त्याला तोडीस तोड म्हणून माइक कार या खेळाडूसाठी एक बिशप उभा करण्यात आला आणि त्या बिशपचा नमुना होता ब्रिटनच्या हॅमर कंपनीच्या भयपटांतला, व्हॅम्पायरच्या मागावर असणारा व्हॅन हेल्सिंग.

हॅमरचा 'ड्रॅक्युला' १९५८ सालचा. दिग्दर्शक टेरेन्स फिशर, ड्रॅक्युला क्रिस्टोफर ली आणि व्हॅन हेल्सिंग पीटर कशिंग. शेवटच्या झटापटीत कशिंग लांबलचक टेबलावरून धावत जातो, झेप घेऊन खिडकीचा पडदा खाली ओढतो, दिवसाचा उजेड आत येतो. मग तो दोन शमादानं, म्हणजे मेणबत्त्या लावायचे दांडे, उचलतो, एकावर एक आडवी धरून त्यांचा क्रूस करतो आणि ड्रॅक्युलाला पाऊल पाऊल मागे रेटत उन्हात नेतो. त्या क्षणी त्याच्या हातात तलवार नाही, बंदूक नाही. आहे ती फक्त श्रद्धेची खूण आणि न डगमगता पुढे टाकलेलं पाऊल.

क्लेरिकचा 'टर्न अनडेड' (मेलेले असूनही हिंडणाऱ्यांना मागे हटवणं) हा नियम म्हणजे हाच प्रसंग, फाशांच्या भाषेत लिहिलेला. १९७४ च्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे अनुभवाच्या पहिल्या पायरीवरच्या, क्लेरिकला एकही मंत्र येत नसे. ही एक गोष्ट मात्र त्याला पहिल्या दिवसापासून यायची. सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. समोर सांगाडे असतील तर ७ किंवा जास्त पडले की ते मागे हटायचे, म्हणजे ३६ पैकी २१ वेळा. झोंबी असतील तर ९ लागायचे, मढी खाणारे घूल असतील तर ११. व्हॅम्पायर कोष्टकाच्या अगदी तळाशी होता आणि पहिल्या लेव्हलच्या क्लेरिकला त्याच्यापुढे काहीच करता येत नसे. कशिंगसारखं व्हायला आधी बरीच वाट तुडवावी लागायची. आम्हाला हे फार आवडतं. सिनेमा जे शेवटच्या पाच मिनिटांत दाखवतो, तिथपर्यंत टेबलावर चालत जावं लागतं आणि ते चालणं तुमचं स्वतःचं असतं.

आता यात काय घेतलं आणि काय सोडलं ते बघा. सिनेमातला व्हॅन हेल्सिंग डॉक्टर आहे, पाद्री नव्हे. त्याचा कोट, त्याची वैद्यकी, त्याचं बोलणं यातलं काहीच क्लासमध्ये आलं नाही. आली ती एकच कृती, क्रूस पुढे धरून मृतांना मागे रेटण्याची. बाकीचा क्लेरिक इतर ठिकाणांहून जमवलेला आहे. पन्नास वर्षांनी, आजच्या नियमांतही ती कृती शाबूत आहे: क्लेरिक आपलं पवित्र चिन्ह उंचावतो आणि तीस फुटांच्या आतल्या अनडेडना विस्डमचा, म्हणजे मनोबलाचा, फासा टाकावा लागतो. तो चुकला की ते पळ काढतात.

म्हणून आमच्याकडे येताना सिनेमातल्या पात्राचा वेश आणि नाव बाजूला ठेवा. ते पात्र अडचणीत सापडल्यावर पुन्हा पुन्हा काय करतं, तेवढं आम्हाला सांगा. त्यावरून क्लास लगेच सापडतो.

सात जण, सात उत्तरं

"मला सामुराई व्हायचंय" या मागणीला आमचा ठरलेला उलट प्रश्न असतो: कोणता? अकिरा कुरोसावांचा 'सेव्हन सामुराई' (१९५४) आठवा. सातही जण सामुराई म्हणूनच गावात येतात. पण कांबेई पहिल्यांदा दिसतो तो डोकं भादरून, भिक्षूचा वेश घालून ओलीस धरलेल्या मुलाला सोडवताना. पुढे तोच गावाचा नकाशा काढतो आणि शत्रूला कुठून आत घ्यायचं ते ठरवतो. क्यूझो मोजकं बोलतो, रात्री एकटा जातो आणि शत्रूची बंदूक घेऊन परत येतो. किकुचियो शेतकऱ्याचा पोर आहे, खानदानाचा कागद दुसऱ्याचाच घेऊन फिरतो आणि त्याचा राग उसळला की कुणाला आवरत नाही. हेइहाचीला तलवार बेताचीच येते, पण तो सगळ्यांचं मन राखतो आणि सगळ्यांसाठी एक निशाण शिवतो. त्यावर सहा वर्तुळं आणि किकुचियोसाठी एक त्रिकोण.

आता सांगा, तुम्हाला यातलं कोण आवडलं? कांबेई आवडला असेल तर आम्ही तुम्हाला फायटर, म्हणजे लढवय्या, देऊ आणि त्यात 'बॅटल मास्टर' हा पोटप्रकार सुचवू, कारण त्याच्या डावपेचांनी सोबत्यांनाही संधी मिळते. क्यूझो आवडला तर फायटरच, पण २०१७ च्या पुस्तकातला 'सामुराई' पोटप्रकार. त्यात मन एकाग्र करून वार नेमका लावायची सोय आहे. किकुचियोसाठी थेट बार्बेरियन, रागाच्या भरात लढणारा रांगडा गडी. आणि हेइहाची? त्याला आम्ही बार्ड देतो. बार्ड म्हणजे आपल्या शाहिराच्या जवळचा माणूस, खचलेल्याला उभं करणारा. कागदावर 'सामुराई' लिहिलेला क्लास घेतला असता, तर हेइहाचीवर जीव जडलेल्या खेळाडूची पहिल्याच दिवशी निराशा झाली असती.

झिंगलेला मास्तर

१९७८ च्या 'ड्रंकन मास्टर'मध्ये दिग्दर्शक युएन वू-पिंग यांनी तरुण जॅकी चॅनला म्हाताऱ्या, पिंपभर दारू रिचवणाऱ्या उस्तादाकडे शिकायला पाठवलं. मंक, म्हणजे हातापायांनी लढणारा भिक्षू, या क्लासमधला 'ड्रंकन मास्टर' हा पोटप्रकार नावानिशी या परंपरेतला आहे. पालक हे नाव वाचून दचकतात, म्हणून स्पष्ट सांगतो: नियमांत पात्राने दारू प्यायची कुठेही अट नाही. चाल झिंगलेल्यासारखी असते, इतकंच. फटक्यांचा सपाटा लावला की पात्राचा वेग दहा फुटांनी वाढतो आणि कुणाच्या तावडीत न सापडता निसटता येतं. आणखी वरच्या लेव्हलला शत्रूचा चुकलेला वार शेजारच्या शत्रूवर ढकलता येतो. जॅकी चॅनच्या मारामारीत हसू ज्याचं येतं ते नेमकं हेच, एकाचा ठोसा दुसऱ्याला. चपळ मुलं या पात्रावर खूश होतात.

खुद्द मंकबद्दल मात्र एक गैरसमज दुरुस्त करायला हवा. 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' या सिनेमात शाओलिन या चिनी मठाच्या दालनांतून एकेक परीक्षा देत वर चढणारा गॉर्डन लिऊ बघून अनेकांना वाटतं की मंक तिथूनच आला. तो सिनेमाही १९७८ चा. मंक त्याआधी, १९७५ सालीच छापला गेला होता. त्या काळी अमेरिकेत कुंग फूची लाट होती, टीव्हीवर आणि थिएटरात. शिवाय हा क्लास आणणाऱ्यांच्या हातात तेव्हाच्या मारधाडीच्या कादंबऱ्याही होत्या. एकाच सिनेमाला श्रेय देता येत नाही. पण जुन्या नियमांत वरच्या लेव्हलला जायचं तर त्या जागेवर आधीच बसलेल्या उस्तादाला लढतीत हरवावं लागे. हा नियम वाचताना शाओलिनचं आंगण डोळ्यांसमोर उभं राहतं, हे मात्र खरं.

बार्बेरियनचंही काहीसं असंच. अर्नोल्ड श्वार्झनेगरचा 'कोनन द बार्बेरियन' १९८२ च्या मे महिन्यात लागला आणि गायगॅक्स यांचा बार्बेरियन त्याच उन्हाळ्यात 'ड्रॅगन' मासिकात आला, म्हणून दोन्हींची सांगड घातली जाते. कोनन मूळचा रॉबर्ट हॉवर्डच्या १९३२ पासूनच्या कथांमधला आणि तो पहिला बार्बेरियन जादूचा तिटकारा करणारा रानावनातला गडी होता. ज्या 'रेज'साठी, म्हणजे बेभान रागासाठी, आज सगळे हा क्लास मागतात, तो २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत आला.

स्टार वॉर्सवाल्यांसाठी

पीटर कशिंग पुन्हा दिसतो तो १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये, डेथ स्टारचा क्रूर अधिकारी म्हणून. या सिनेमावरचा वेस्ट एंड गेम्सचा खेळ १९८७ साली आला आणि त्यात क्लास नव्हतेच. त्याऐवजी तयार साचे होते: तस्कर, उतावळा वैमानिक, वाट चुकलेला जेडाय. साचा उचलायचा, सात फासे आपल्या आवडीच्या कौशल्यांवर वाटायचे की पात्र तयार. ज्यांना पाच मिनिटांत खेळायला बसायचंय, त्यांच्यासाठी ही पद्धत आम्हाला आजही उत्तम वाटते. आमच्या टेबलावरची तयार पात्रं आम्ही याच धर्तीवर बनवली आहेत.

सिनेमा नियम मोडतो तेव्हा

२०२३ च्या डंजन्स अँड ड्रॅगन्स सिनेमात डोरिक नावाची ड्रुइड (प्राण्यांचं रूप घेऊ शकणारा क्लास) आउलबेअर होते, अस्वलाचं धड आणि घुबडाचं तोंड असलेला प्राणी. बघून आलेली मुलं दुसऱ्याच दिवशी तेच मागतात. त्या वेळच्या नियमांनुसार ड्रुइडला फक्त खऱ्या पशूंचं रूप घेता येतं आणि आउलबेअर राक्षसी प्राण्यांत मोडतो. त्याच सिनेमातला बार्ड एकही मंत्र म्हणत नाही, हेही खेळाडूंच्या लक्षात आलं. आमचं धोरण असं: मुलाला आउलबेअर व्हायचं असेल तर आम्ही अस्वलाचे आकडे वापरतो आणि वर्णन घुबडाचं करतो. तसाही हा प्राणी कुठल्या पुराणातून आलेला नाही. गायगॅक्स यांनी हाँगकाँगची स्वस्त प्लास्टिकची खेळणी आणली होती, त्यातल्या एका विचित्र आकाराला त्यांनी हे नाव दिलं. ज्याचा जन्मच खेळण्यातून झाला, त्याच्यासाठी मुलाला नाही म्हणणं आम्हाला जमत नाही.

येण्याआधी

नोंदणीच्या कागदावर दोन ओळी मोकळ्या सोडल्या आहेत. पहिलीवर सिनेमाचं नाव लिहा. मराठी, हिंदी, तमिळ, जपानी, कुठलाही चालेल. दुसरीवर त्यातलं पात्र अडचणीत काय करतं ते एका क्रियापदात लिहा: लपतं, फसवतं, आडवं येतं, बरं करतं, पळवून लावतं. "हिरो आहे" असं लिहू नका, त्यावरून आम्हाला काहीच ठरवता येत नाही.

घरात एकाच सिनेमाचे दोन चाहते असतील, तर दोघांनी वेगवेगळं क्रियापद लिहावं. दोघं एकच काम करणारे असले की एक जण संध्याकाळभर नुसता बसून राहतो आणि धाकट्या भावंडाच्या वाट्याला नेमकं तेच येतं.

लहान मुलांच्या पालकांना एक विनंती. क्लेरिक हवा म्हणून मुलांना १९५८ चा 'ड्रॅक्युला' लावून देऊ नका. त्यात रक्त आहे. शमादानांचा प्रसंग आम्ही टेबलावर सांगू आणि मुलांकडून करूनही घेऊ. दोन पेन्सिली पुरतात.

क्लास पहिल्या तीन बैठकींपर्यंत बदलता येतो, त्यासाठी वेगळे पैसे नाहीत. फासे आणि पात्रांचे कागद आमच्याकडे मिळतील. पेन्सिल आणि खोडरबर तेवढं घरून आणा.