सेंद्रिय आणि रेसिड्यू फ्री: दोन लेबलं, दोन वेगळ्या हमी

ठाण्यात घोडबंदर रोडवरचं भाजी-फळांचं कुठलंही मोठं दुकान घ्या, नाहीतर वाशी-नेरूळच्या सोसायट्यांमधले भाजीच्या ऑर्डरीचे व्हॉट्सॲप ग्रुप. पालकाच्या जुडीवर ‘सेंद्रिय’, शेजारच्या द्राक्षाच्या डब्यावर ‘रेसिड्यू फ्री’, आणि दोन्हींचा भाव चढा. फरक विचारला की उत्तर येतं, “एकच हो ताई, औषध नाही त्यात.” एकच नाही. फरक माहीत नसेल तर एका गोष्टीचे पैसे मोजून आपण दुसरीच घरी आणतो.

सेंद्रिय हे शेतीच्या पद्धतीचं नाव आहे. युरिया, डीएपी, १०:२६:२६ यांसारखं रासायनिक खत नाही, रासायनिक कीटकनाशक-तणनाशक नाही, जीएम म्हणजे जनुकीय बदल केलेलं बियाणं नाही. त्याऐवजी शेणखत, गांडूळखत, ताग-धैंचा गाडून केलेलं हिरवळीचं खत, निंबोळी अर्क, ट्रायकोडर्मा ही रोगांना रोखणारी उपयोगी बुरशी, आणि बुरशीजन्य रोगांसाठी मर्यादेत मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण. आज ठरवलं आणि उद्या सेंद्रिय झालं, असं होत नाही. २००१ पासून राबवल्या जाणाऱ्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या म्हणजे एनपीओपीच्या नियमांप्रमाणे हंगामी पिकांना पेरणीआधी किमान दोन वर्षं आणि आंबा-द्राक्षासारख्या बहुवार्षिक पिकांना पहिल्या सेंद्रिय तोडणीआधी तीन वर्षं रूपांतरणात काढावी लागतात. या काळात उत्पन्न बहुतेकदा घटतं आणि भाव मात्र सेंद्रियचा मिळत नाही. सेंद्रिय माल महाग का, याचं मोठं कारण इथे आहे.

रेसिड्यू फ्री, म्हणजे अवशेषमुक्त, ही मालाची परीक्षा आहे. इथे शेतकरी रासायनिक खत घालू शकतो, फवारणीही करू शकतो. फक्त काढणीच्या वेळी त्या औषधांचा अंश ठरलेल्या मर्यादेखाली गेलेला हवा. त्यासाठी त्याला काटेकोर हिशेब ठेवावा लागतो: कोणतं औषध, किती प्रमाणात, कोणत्या तारखेला, आणि शेवटच्या फवारणीपासून तोडणीपर्यंत किती दिवस. या शेवटच्या अंतराला काढणीपूर्व कालावधी म्हणतात. बागेत सगळे ‘पीएचआय’च म्हणतात.

द्राक्षाच्या बागेत हे नीट दिसतं. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळ्या फुटीवर पाऊस आला की डाऊनी, म्हणजे केवडा रोग, शिरतो, आणि तेव्हा फवारणी चुकली तर हंगाम हातचा जातो. म्हणून सुरुवातीला आंतरप्रवाही औषधं, म्हणजे झाडाच्या आत भिनणारी, मारली जातात. मणी फुगायला लागले की ती थांबवायची आणि जैविक बुरशीनाशकांवर यायचं. मधल्या काळात ऊन, झाडातल्या क्रिया आणि फळाची वाढ यांनी औषधाचं प्रमाण उतरत जातं. मग तोडणीआधी नमुना लॅबला. ही शिस्त सोपी नाही, आणि ती पाळणाऱ्या शेतकऱ्याला ‘हा काही खरा सेंद्रिय नाही’ म्हणून कमी लेखणं मला पटत नाही.

लॅबचा अहवाल एकदा हातात घेऊन पाहावा असा असतो. एकाखाली एक रसायनांची लांबलचक यादी आणि बहुतेक प्रत्येकासमोर ‘बीएलक्यू’. याचा अर्थ शून्य असा होत नाही. यंत्राला खात्रीने मोजता येतं त्याहून कमी, एवढाच त्याचा अर्थ. रेसिड्यू फ्रीसाठी सर्वसाधारणपणे धरली जाणारी मर्यादा आहे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. वाशीच्या एपीएमसीत पहाटे १० टनांचे १० ट्रक उतरले, तर त्या सगळ्या मालात मिळून १ ग्रॅम. इतकं कडक मोजमाप असताना त्या डब्यातली द्राक्षं मुलाच्या हातात द्यायला भ्यायचं कारण नाही, असं मी मानते.

पण अहवाल यादीपुरताच बोलतो. २०१० साली आपली द्राक्षं युरोपात अडकली, ती क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे. वेलीची अतिरिक्त वाढ रोखायला वापरलं जाणारं हे संजीवक, बागायतदारांच्या तोंडी ‘सीसीसी’. आपल्याकडे निर्यातीआधी जी रसायनं तपासली जात, त्यांत ते नव्हतंच. तिकडच्या लॅबनी ते शोधलं, कंटेनर अडकून पडले आणि बागायतदार कर्जात गेले. म्हणून ‘रेसिड्यू फ्री’ वाचलं की पुढचा प्रश्न हवा: किती आणि कोणत्या रसायनांसाठी तपासलं?

सेंद्रिय मालात मग अंश सापडतच नाही का? सापडू शकतो. शेजारच्या शेतातली फवारणी वाऱ्याने येते, कालव्याच्या पाण्यातून येते. म्हणून तर सेंद्रिय शेताच्या कडेला मोकळा पट्टा किंवा दाट कुंपण ठेवायला सांगतात.

आता या दोन्हींतल्या मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटणाऱ्या फरकाकडे येते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तिथे कुणाच्या ताटात काय उरलं हा प्रश्नच नव्हता. पाठीवर पंप घेतलेल्या माणसाच्या अंगात काय गेलं, हा प्रश्न होता. रेसिड्यू फ्रीचा अहवाल खाणाऱ्याची काळजी घेतो. फवारणाऱ्याची, मधमाशीची, विहिरीत झिरपणाऱ्या नायट्रेटची नोंद त्यात येत नाही. तोडणीच्या दिवशी फळ स्वच्छ असलं तरी त्याआधीच्या तीन महिन्यांत मातीवर काय पडलं ते त्यात दिसत नाही. सेंद्रिय पद्धत तिथपासून सुरू होते. माणसाला आणि मातीला विषापासून वाचवायचं असेल तर पैसे तिथे जायला हवेत.

आपल्या इथलं एक उदाहरण या दोन्ही लेबलांच्या बाहेरचं आहे, आणि तेच लोक सगळ्यात जास्त विसरतात. मध्य रेल्वेच्या रुळांकडेला नाल्याच्या पाण्यावर वर्षानुवर्षं पिकत आलेला पालक, माठ, अळू. त्यावर कीटकनाशक मारलंच नसेल, तर कीटकनाशकांच्या अवशेषांचा अहवाल कदाचित चांगलाही येईल. पण नाल्यातून येणारं शिसं आणि कॅडमियम त्या तपासणीत येत नाही, त्यासाठी जड धातूंची वेगळी चाचणी करावी लागते. सेंद्रिय प्रमाणीकरणात निदान जमीन आणि पाणी कुठलं हे विचारलं जातं. हायड्रोपोनिक लेट्यूसही लोक सेंद्रिय समजून घेतात. ते पाण्यात विरघळवलेल्या क्षारांवर वाढतं, सेंद्रिय नसतं.

ओळखायचं कसं? सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटावर एफएसएसएआयचं, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं, ‘जैविक भारत’ हे चिन्ह पाहा. त्यामागे एनपीओपीचं प्रमाणपत्र असतं, नाहीतर पीजीएस-इंडियाचं. पीजीएसमध्ये किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची तपासणी करतो. रेसिड्यू फ्रीला असं सरकारी चिन्ह नाही, त्यामुळे तिथे अहवालच मागावा लागतो: लॅबला एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता आहे का, नमुना कोणत्या प्लॉटचा आणि तारीख कुठली. मागच्या हंगामातला अहवाल क्यूआर कोडमागे लावून ठेवलेला असेल तर आजच्या डब्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

लहान शेतकऱ्याचं थोडं वेगळं आहे. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेला शेतकरी किंवा त्यांचा गट थेट ग्राहकाला माल विकत असेल, तर प्रमाणपत्राची सक्ती नाही. मात्र त्याला ‘जैविक भारत’ चिन्ह वापरता येत नाही. मुरबाड-शहापूरकडून आठवडी बाजारात येणाऱ्या शेतकऱ्याकडे चिन्ह नाही म्हणून तो खोटं बोलतोय, असं धरू नका. त्याला खत काय घातलं, अळी पडली तेव्हा काय केलं, हे विचारा. ज्याने स्वतः केलंय तो दशपर्णी अर्कात कोणकोणता पाला टाकला इथपासून सांगायला लागतो.

माझ्या घरात मी अशी विभागणी केली आहे: द्राक्षं आणि टोमॅटो रेसिड्यू फ्री, तांदूळ-डाळी सेंद्रिय. द्राक्षं सालासकट खाल्ली जातात, आणि डाऊनीशी झुंजत ती पूर्ण सेंद्रिय पिकवणं आपल्या हवेत फार अवघड. तांदूळ-डाळींचं तसं नाही. ती टिकतात, वर्षभराची एकदम भरता येतात, आणि शेतकऱ्याला पेरण्याआधीच गिऱ्हाईक ठरलेलं मिळतं. त्यातही कुणाच्या स्टॉलवर ‘पीजीएस-ग्रीन’ असं प्रमाणपत्र दिसलं, तर अजून पूर्ण सेंद्रिय नाही म्हणून पुढे जाऊ नका. तो शेतकरी रूपांतरणाच्या वर्षांत आहे, उत्पन्न घटलेलं आहे, आणि त्याला गिऱ्हाईक सगळ्यात जास्त आत्ताच हवं आहे.