चार तासांनंतरची दुपार

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसांत घराघरांत माठ भरून ठेवलेले असतात; परंतु ज्या घरात डायलिसिसचा, म्हणजे मूत्रपिंडे निकामी झाल्याने यंत्राने रक्त शुद्ध करून घेणारा रुग्ण आहे, त्या घरात माठाशेजारी खुणा केलेली एक बाटलीही असते. लघवी जवळजवळ बंद झालेल्या रुग्णाला पाणी, चहा, ताक आणि आमटी असे सारे धरून दिवसाला साधारण पाऊण ते एक लिटरच द्रव घेता येतो. याच रुग्णासाठी यंत्र मात्र पाण्याच्या बाबतीत हात आखडता घेत नाही. डायलिसिसचे द्रावण, म्हणजे यंत्रात रक्तातली घाण ओढून घेणारे पाणी, मिनिटाला सुमारे ५०० मिलिलिटर या वेगाने वाहते, म्हणजे चार तासांच्या एका बैठकीला १२० लिटर शुद्ध पाणी लागते. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेथे हा हिशेब विशेष डोळ्यांत भरतो.

निरोगी मूत्रपिंडे आठवड्याचे १६८ तास अखंड काम करतात. आठवड्यातून तीनदा चार-चार तास यंत्राला लागलेल्या रुग्णाला त्याऐवजी १२ तास मिळतात, आणि खर्चामुळे किंवा अंतरामुळे दोनदाच येणाऱ्याला ८. डायलिसिसवरच्या माणसाच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या विषम भागाकारात आहे.

डायलिसिसवर माणसाने जगावे कसे, हा प्रश्न वैद्यकापुढे तसा उशिराच आला. नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये सॉसेजच्या आवरणासाठी वापरली जाणारी सेलोफेनची नळी लाकडी पिंपावर गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड तयार केले, तेव्हा रुग्ण वाचतो की नाही एवढीच चिंता होती. पहिला रुग्ण वाचायला १९४५ साल उजाडले. १९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातातील धमनी आणि शीर यांना जोडणारी टेफ्लॉनची नळी वापरली आणि त्याच रुग्णाला वारंवार यंत्रावर घेणे शक्य झाले. त्यांचा पहिला रुग्ण क्लाइड शील्ड्स त्यानंतर ११ वर्षे जगला. ही ११ वर्षे माणसाने कशी काढावीत, हे तोपर्यंत कोणालाच विचारावे लागले नव्हते.

रुग्णाचे जगणे कसे चालले आहे, ते मोजण्यासाठी आता ३६ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यात अंगाची खाज, पायात येणारे गोळे, झोप, कामधंदा आणि ‘या आजारामुळे मी घरच्यांवर भार झालो आहे असे वाटते का’ अशा बाबी असतात. माझ्या मते मात्र त्याहून बोलका एक साधाच प्रश्न आहे: डायलिसिसनंतर पूर्ववत वाटायला तुम्हाला किती वेळ लागतो? अनेक देशांतील हजारो रुग्णांना हा प्रश्न विचारला गेला, तेव्हा सुमारे एक तृतीयांश रुग्णांनी दोन तासांहून कमी वेळ सांगितला, तर दहापैकी एकाला १२ तासांहून अधिक वेळ लागत होता; आणि ज्यांना अधिक वेळ लागत होता, त्यांच्यात रुग्णालयात भरती होण्याचे व मृत्यूचे प्रमाणही अधिक होते. अक्कलकोट, मंगळवेढा किंवा बार्शीहून पहाटेची एसटी धरून सोलापूरला येणारा रुग्ण दुपारी घरी पोहोचून जो आडवा होतो, तो संध्याकाळी उठतो की दुसऱ्या दिवशी, हे क्रिएटिनिनच्या, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्तचाचणीच्या अहवालावरून कळत नाही.

हा थकवा येतो कशाने? रक्तक्षय हे एक कारण आहे, कारण रक्तपेशी तयार करायला सांगणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मुख्यतः मूत्रपिंडातच बनते. त्याचे इंजेक्शन १९८९ पासून उपलब्ध आहे. दुसरे कारण म्हणजे पाणी काढण्याचा वेग. यंत्र पाणी काढते ते रक्तातून, आणि पेशींभोवती साचलेले पाणी रक्तात परतायला वेळ लागतो. त्याआधीच ओढ वाढली की बीपी घसरते, गोळे येतात, हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडते. म्हणून तासाला दर किलो वजनामागे १३ मिलिलिटरहून अधिक पाणी काढू नये, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ६० किलोच्या माणसाच्या बाबतीत चार तासांत हे जेमतेम तीन लिटर भरते. दोन बैठकींच्या मध्ये वजन चार किलोंनी वाढवून आलेल्या रुग्णाला एक तर जास्त वेळ बसावे लागते, नाही तर ती दुपार गमवावी लागते.

येथे घरातली मंडळी हमखास पाण्यावरून बोलतात, आणि माझ्या मते तेथेच चूक होते. तहान ही इच्छाशक्तीची बाब नाही. रक्तातील सोडियम किंचित वाढले तरी मेंदू पाणी मागतो आणि ते मिळेपर्यंत मागतच राहतो. शरीरातील द्रवाइतक्याच खारट असलेल्या सलाईनच्या एका लिटरच्या बाटलीत ९ ग्रॅम मीठ असते. म्हणजेच ९ ग्रॅम मीठ खाल्ले, की ते पातळ करण्यासाठी शरीर सुमारे एक लिटर पाणी धरून ठेवणार. बाटलीवर खुणा करण्याआधी मिठाच्या डब्याकडे पाहिले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते. मधुमेही रुग्णाच्या रक्तातील साखर चढलेली असेल, तर तीही अशीच तहान लावते.

सोलापूरच्या ताटापुरते बोलायचे तर ज्वारीची भाकरी मिठाशिवाय उत्तम होते, अडचण तिच्या सोबत्यांची आहे. शेंगाचटणीत मीठ तर असतेच, शिवाय शेंगदाण्यातून पोटॅशियम आणि फॉस्फरसही येतात. पोटॅशियम अतोनात वाढले तर हृदयाचे ठोके बिघडून थांबूही शकतात, त्यामुळे उन्हाळ्यातले शहाळे आणि सांगोल्याची डाळिंबे आहारतज्ज्ञांना विचारूनच घ्यावीत. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिले, तर तिच्यातले पोटॅशियम बरेच उतरते. आरोग्याला चांगले म्हणून विकले जाणारे कमी सोडियमचे मीठ तर या रुग्णांनी घरातच आणू नये, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते.

प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला, महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही हा उपचार बसतो, त्यामुळे यंत्राचा खर्च अनेकांच्या डोक्यावरून उतरला आहे. खाड्यांचा खर्च मात्र कोणत्याही योजनेत नाही. यंत्रमागावर काम करणाऱ्याचे आठवड्यातले तीन दिवस जातात आणि विड्या वळणारी बायको सोबत आली, तर तिची त्या दिवसाची मजुरीही बुडते. ज्या हातावर फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडून केलेली जागा) केला आहे, त्या हाताने जड ओझे उचलायचे नसते, बीपीचा पट्टाही त्यावर बांधायचा नसतो. यंत्राऐवजी पोटातच द्रावण भरून रक्त शुद्ध करण्याच्या, म्हणजे पोटाच्या डायलिसिसमध्ये बहुधा दोन लिटर द्रावण दिवसातून तीन-चारदा घरीच बदलता येते आणि येण्या-जाण्याचा त्रास वाचतो. मात्र नळीवाटे पोटात जंतुसंसर्ग होण्याचा धोका असल्यामुळे स्वच्छतेत तसूभरही ढिलाई चालत नाही. लांबच्या गावांतील रुग्णांपुढे हा पर्याय सुरुवातीलाच मांडायला हवा.

थकवा कमी करण्याचा आणखी एक उपाय म्हणजे द्रावणाचे तापमान ३६ अंशांच्या आसपास ठेवणे. त्यामुळे रक्तवाहिन्या आकुंचित राहून बीपी घसरण्याचे प्रमाण घटते, असे अनेक लहान अभ्यासांत दिसले होते. कॅनडातील एका मोठ्या चाचणीत मात्र, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सरसकट सर्वांचे द्रावण गार केल्याने हृदयविकाराच्या घटना किंवा मृत्यू कमी झाले नाहीत, उलट थंडी वाजण्याची तक्रार वाढली. त्यामुळे ज्याचे बीपी वारंवार घसरते, त्याच्यापुरताच हा उपाय डॉक्टर आणि टेक्निशियन यांनी रुग्णाशी बोलून ठरवावा, हे बरे. एरवीही रक्त चार तास शरीराबाहेरच्या नळ्यांतून फिरताना थोडे गारठतेच. म्हणून भर मे महिन्यात, बाहेर डांबर वितळत असताना, डायलिसिसला निघालेल्या माणसाच्या पिशवीत फाईल आणि बाटलीसोबत घरची सोलापुरी चादर घडी करून ठेवलेली असते.