आठ की सोळा, तेरा की चौदा: हलक्या लॅपटॉपच्या प्रश्नामागची पार्श्वभूमी

प्रवासाला हलका लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की गाडी दोनच आकड्यांवर येऊन अडकते, रॅम, म्हणजे चालू काम जिच्यात राहतं ती मेमरी, ८ जीबी घ्यायची की १६, आणि स्क्रीन १३ इंची बरी की १४. हे आकडे कंपनीने आपल्या सोयीसाठी विचार करून ठरवले असतील असं आपण धरून चालतो, पण इतिहास बघितला तर यातले बरेचसे वेगळ्याच कारणांनी ठरलेत, कुठे विमानाच्या सीटखालची जागा, कुठे सॉफ्टवेअरच्या लायसन्समधली अट, कुठे टीव्हीचे पॅनल. ते एकदा कळलं की कुठे पैसे वाचवायचे आणि कुठे अजिबात वाचवायचे नाहीत हेही आपोआप कळतं, म्हणून जरा मागून येतो.

१९८१ मध्ये अमेरिकेत ऑस्बोर्न १ आला, उचलून नेता येणारा आणि बाजारात खरोखर खपलेला पहिला कॉम्प्युटर हाच. वजन जवळपास ११ किलो, किंमत १७९५ डॉलर, ६४ किलोबाइट मेमरी आणि स्क्रीन फक्त ५ इंची. कंपनीचा मालक ॲडम ऑस्बोर्न, त्याचं लहानपण तमिळनाडूत गेलं आणि २००३ मध्ये तो वारला तोही कोडाईकनालला, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं. मशीनचं डिझाइन ली फेल्सेनस्टाइनचं, आणि ते विमानाच्या सीटखाली मावलं पाहिजे ही मुख्य अट. त्या काळाच्या मानाने मेमरी भरपूर होती, पण स्क्रीनवर एका ओळीत ५२च अक्षरं दिसायची, बाकीची ओळ बघायची तर आडवं सरकवत जायचं. म्हणजे प्रवासाच्या मशीनमध्ये सगळ्यात आधी कात्री लागली ती स्क्रीनला.

दोनच वर्षांनी, १९८३ ला, याच्या अगदी उलट मशीन आलं, रेडिओ शॅकचं टीआरएस-८० मॉडेल १००, जे जपानच्या क्योसेराने बनवलं होतं. दीड किलोच्या आत वजन, ४ पेन्सिल सेलवर वीसेक तास चालायचं, मेमरी ८ ते ३२ किलोबाइट, स्क्रीनवर ४० अक्षरांच्या ८ ओळी, बस. पण कीबोर्ड पूर्ण आकाराचा आणि आत मोडेम, त्यामुळे वार्ताहरांनी ते डोक्यावर घेतलं, मॅच संपली की तिथेच बसून बातमी टाइप करायची आणि फोनच्या लाइनवरून ऑफिसला पाठवायची. मला हे मशीन फार महत्त्वाचं वाटतं कारण काय काम करायचं ते ज्याला पक्कं माहीत आहे त्याला किती कमी पुरतं ते यात दिसतं.

नव्वदच्या दशकात जपानी कंपन्यांनी छोट्या लॅपटॉपचा ध्यासच घेतला, तिथे लॅपटॉप ए४ आणि बी५ अशा कागदाच्या मापात मोजायचे. तोशिबाचा लिब्रेटो १९९६ ला आला, ६.१ इंची स्क्रीन, वजन ८४० ग्रॅम, हातात धरायला सुंदर पण दोन्ही हातांनी टाइप करायला अवघड. त्याच्या एक वर्ष आधी आयबीएमने थिंकपॅड ७०१ काढला होता, स्क्रीन १०.४ इंची पण झाकण उघडलं की कीबोर्डचे दोन तुकडे सरकत बाहेर यायचे आणि एकमेकांत बसून बॉडीपेक्षा रुंद व्हायचे, लोक त्याला बटरफ्लाय म्हणायचे. डिझाइन जॉन कारिडिस यांचं. एवढा खटाटोप का, तर माणसाची बोटं लहान होत नाहीत म्हणून.

पूर्ण आकाराच्या कीबोर्डमध्ये एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर अंतर असतं, आडव्या ओळीत १५ बटणांची जागा धरली की होतात साडेअठ्ठावीस सेंटिमीटर. आणि १६:१० आकाराच्या, म्हणजे रुंदी १६ भाग तर उंची १० भाग अशा, १३.३ इंची पॅनलची रुंदी काढा, २८.६ सेंटिमीटर येते! १३ इंच हा आकडा इतकी वर्षं टिकून राहिला त्याचं मोठं कारण मला तरी हेच वाटतं, यापेक्षा लहान गेलं की काहीतरी आखडतं आणि मोठं गेलं की बाजूला नुसती जागा उरते.

मग २००७ साल, इथे गोष्ट एकदम बदलते. आसुसने ईई पीसी ७०१ आणला, ७ इंची स्क्रीन, ५१२ एमबी रॅम, ४ जीबी स्टोरेज, वजन ९२० ग्रॅमच्या आसपास आणि किंमत नेहमीच्या लॅपटॉपच्या तुलनेत खूपच कमी. त्याच वर्षी 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या शाळकरी मुलांसाठीच्या स्वस्त लॅपटॉपच्या उपक्रमाचा हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या एका वाडीतल्या छोट्या शाळेत पोचला, ७.५ इंची स्क्रीन आणि २५६ एमबी रॅम. म्हणजे हा सगळा प्रकार आपल्यापासून काही फार लांब घडत नव्हता.

ईई पीसी विंडोजऐवजी लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टमवर यायचा, कारण तेव्हाचा नवा विंडोज व्हिस्टा एवढ्याशा मशीनवर चालणं शक्यच नव्हतं. मायक्रोसॉफ्टला ते परवडणारं नव्हतं, म्हणून २००८ मध्ये त्यांनी अशा छोट्या स्वस्त मशीनसाठी, ज्यांना नेटबुक म्हणायचे, जुनी विंडोज एक्सपी स्वस्तात चालू ठेवली, पण अट घालून, की रॅम १ जीबीपेक्षा जास्त नको आणि स्क्रीनही ठरावीक मापाच्या आत. सुरुवातीला १०.२ इंच, नंतर ती मर्यादा सैल केली. अट एवढ्यासाठी की स्वस्त नेटबुकने महागड्या लॅपटॉपचं गिऱ्हाईक खाऊ नये. परिणाम असा की दुकानात वीस नेटबुक मांडलेले असले तरी सगळे १ जीबी आणि १० इंचवाले, रंग तेवढे वेगळे. ज्यांनी वापरलेत त्यांना १०२४ बाय ६०० पिक्सेलची स्क्रीन आठवत असेल, एखादी सेटिंगची खिडकी उघडली की तिचं खालचं टोक स्क्रीनच्या बाहेर जायचं आणि ओकेचं बटणच दिसायचं नाही, मग टॅब दाबत दाबत अंदाजाने एंटर मारायचं. त्या उंचीवर त्या खिडक्या बनवलेल्याच नव्हत्या, यात वापरणाऱ्याचा काही दोष नाही.

पण त्या नेटबुकमध्ये एक गोष्ट चांगली होती, बहुतेकांची रॅम बदलता यायची. तेव्हा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन रॅम टाकून घेणं अगदी नेहमीचं होतं. लॅपटॉप उलटा करायचा, खालच्या छोट्या झाकणाचे एक-दोन स्क्रू काढायचे, दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या क्लिप बाहेर दाबल्या की जुनी पट्टी तिरकी वर यायची, नवी तशीच तिरकी घुसवून खाली दाबली की टक्क करून बसायची. पाच मिनिटांत मशीनचं आयुष्य दोन-तीन वर्षांनी वाढायचं. त्यामुळे घेताना रॅम किती हा प्रश्न आतासारखा छातीवर बसत नसे, आज कमी घ्या, उद्या पगार वाढला की वाढवा.

ही सोय जायला सुरुवात झाली जानेवारी २००८ मध्ये, ॲपलच्या स्टीव्ह जॉब्जनी पाकिटातून मॅकबुक एअर काढून दाखवला तेव्हा. १३.३ इंची स्क्रीन, १.३६ किलो, २ जीबी रॅम, आणि ती रॅम बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन कायमची जोडलेली. पाकिटाचा फोटो सगळ्यांच्या लक्षात राहिला, सोल्डरकडे फारसं कोणी बघितलं नाही. पुढे २०११ मध्ये इंटेलने अल्ट्राबुक ही कल्पना पुढे रेटली, लहान स्क्रीनच्या मशीनची जाडी १८ मिलिमीटरच्या आत वगैरे, आणि सगळ्याच कंपन्या त्या वाटेने गेल्या.

यात नुसता पैसे उकळायचा हेतू होता असं म्हणणं बरोबर नाही. रॅमची पट्टी आणि ती बसते तो स्लॉट जाडी खातात हे एक. दुसरं म्हणजे फोनसाठी बनवलेली एलपीडीडीआर जातीची मेमरी कमी व्होल्टेजवर चालते, लॅपटॉप झोपलेला असताना बॅटरी फार कमी पिते, पण त्यासाठी ती प्रोसेसरच्या अगदी जवळ लागते, म्हणून नेहमीच्या पट्टीवर ती येतच नाही. प्रवासात दिवसभर चार्जर न लावता चालणारा लॅपटॉप हवा असेल तर त्याची ही किंमत आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा झाला की रॅमचा भाव आता बाजार ठरवत नाही, लॅपटॉपची कंपनी ठरवते, आणि ८ वरून १६ ला जाताना जो फरक मागतात तो सुट्या रॅमच्या भावाशी बऱ्याचदा जुळत नाही. हे मला अजूनही खटकतं.

ज्या वर्षी रॅम चिकटायला लागली त्याच वर्षी, सप्टेंबर २००८ मध्ये, गूगलचा क्रोम आला. त्यात प्रत्येक टॅबला शक्यतो वेगळी प्रोसेस, म्हणजे एक टॅब कोसळला तरी बाकीचे शाबूत, कल्पना उत्तमच, पण मेमरी जास्त लागते. मग ऑफिसच्या चॅटची ॲप्ससुद्धा आतून ब्राउझरच असल्यासारखी बनायला लागली, मग व्हिडिओ मीटिंग आल्या. शिवाय हलक्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, तेही याच रॅममधला वाटा घेतं, त्यामुळे ८ जीबी लिहिलेलं असलं तरी सगळी आपल्या हातात येत नाही. २०१२-१३ चे ४ जीबीवाले कितीतरी अल्ट्राबुक असे आहेत की कीबोर्ड छान, स्क्रीन छान, पण वापरवत नाहीत, आणि रॅम वाढवता येत नाही म्हणून पडून आहेत.

आता स्क्रीनकडे येतो. साधारण २००८ ते २०१० मध्ये लॅपटॉपच्या स्क्रीन १६:१० वरून १६:९ वर गेल्या, कारण पॅनल बनवणारे कारखाने टीव्हीच्या मापाकडे वळले होते आणि एकाच मापात काचा कापणं त्यांना स्वस्त पडत होतं. लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांचं यात सरळ नुकसान झालं, उंची गेली. १३६६ बाय ७६८ चे लॅपटॉप आपल्याकडे किती वर्षं विकले गेले ते आठवा! इंच हे तिरकं माप आहे, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहून चालत नाही. १६:९ ची १४ इंची स्क्रीन उंचीला १७.४ सेंटिमीटर भरते आणि १६:१० ची १३.३ इंची भरते १७.९, म्हणजे आकड्याने लहान असलेली स्क्रीन उंचीला मोठी. पीडीएफ वाचायची, एक्सेल बघायचं, कोड लिहायचा तर उंचीच कामाला येते.

उंची परत यायला बराच वेळ लागला. २०१४ चा मायक्रोसॉफ्टचा सरफेस प्रो ३ हा ३:२ मापाचा होता, २०१५ ला डेलच्या एक्सपीएस १३ ने स्क्रीनभोवतीची काळी पट्टी जवळजवळ घालवली आणि २०२० मध्ये त्याच मालिकेत १६:१० परत आलं, मग बाकीचेही आले. पट्टी गेल्यामुळे १३ की १४ या प्रश्नाचं उत्तरही बदललं. जुना १३ इंची मॅकबुक एअर ३२.५ सेंटिमीटर रुंद होता, आजचा १४ इंची मॅकबुक प्रो ३१.३ सेंटिमीटरच्या आत बसतो. म्हणजे दहा वर्षांपूर्वी ज्या बॅगेत १३ जायचा त्यात आज १४ आरामात जातो, फरक उरला तो वजनाचा. आणि ट्रेनमध्ये किंवा विमानात बसून काम करणाऱ्यांनी झाकणाची उंचीही बघावी, पुढच्याने सीट मागे टाकली की उंच झाकण तिथे अडकतं आणि स्क्रीन हवी तशी कलवता येत नाही. रोज पुणे-मुंबई करणाऱ्याला मी म्हणूनच १३ च सुचवेन, महिन्यातून दोनदा जाणाऱ्याला १४.

रॅमच्या बाबतीत निकाल २०२४ मध्ये लागला. मायक्रोसॉफ्टने मे महिन्यात कोपायलट प्लस पीसीसाठी, म्हणजे एआयची कामं मशीनवरच करणाऱ्या विंडोज लॅपटॉपसाठी, किमान १६ जीबीची अट घातली, इंटेलच्या लूनार लेक चिपमध्ये तर मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये गेली आणि तिथे १६ किंवा ३२ असे दोनच पर्याय, आणि ऑक्टोबरमध्ये ॲपलनेही मॅकबुक एअरची सुरुवात ८ वरून १६ वर नेली, किंमत न वाढवता. हे झालं मुख्यतः एआयपायी, आपली ब्राउझरची ओरड ऐकून नाही, पण फायदा आपल्याला झाला. मात्र २०२५ च्या शेवटी त्याच एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव चढले, मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर क्रुशियल हा सुट्या रॅमचा ब्रँडच गुंडाळायचं डिसेंबरमध्ये जाहीर केलं.

सोल्डर न करता एलपीडीडीआर बसवायचा मार्ग आता निघालाय, एलपीकॅम२ नावाची चपटी पट्टी स्क्रूने बसते, २०२४ च्या थिंकपॅड पी१ मध्ये ती होती, पण तो १६ इंची, प्रवासाचा नव्हे. हलक्या मशीनमध्ये फ्रेमवर्क कंपनीच्या लॅपटॉपसारखे मोजके अपवाद सोडले तर बहुतेक ठिकाणी रॅम चिकटलेलीच असते, आणि काही १४ इंची मॉडेलमध्ये अर्धी चिकटलेली आणि शेजारी एक स्लॉट मोकळा असा मधला प्रकार मिळतो. त्यामुळे मॉडेल नक्की करायच्या आधी कंपनीच्या पानावर मेमरीच्या पुढे 'ऑनबोर्ड' किंवा 'सोल्डर्ड' लिहिलंय का ते बघा, स्लॉट असेल तर आज ८ घेऊन चालेल, नसेल तर स्क्रीन, स्टोरेज, रंग कशातही तडजोड करा पण १६ च्या खाली जाऊ नका.