पार्श्वभूमी : ‘अबाइड विथ मी’ आणि ‘राहा’ या शब्दाचा गुंता

२९ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीच्या विजय चौकात बीटिंग रिट्रीट, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या समारोपाचा लष्करी बँडचा सोहळा झाला, तेव्हाच्या धूनांच्या यादीत ‘अबाइड विथ मी’ (माझ्याजवळ राहा) हे इंग्रजी ख्रिस्ती भक्तिगीत नव्हते. पन्नासच्या दशकापासून त्या सोहळ्याच्या शेवटी ही धून ऐकण्याची लोकांना सवय होती. २०२० मध्येही ती वगळल्याची बातमी आली होती, पण त्या वर्षी आणि २०२१ मध्ये ती वाजली. भारतीय श्रोत्यांना जवळच्या वाटतील अशा भारतीय धून असाव्यात, असे कारण दिले गेले. १९६२ च्या युद्धातील हुतात्म्यांसाठी रचलेले एक हिंदी गीत यादीत आले. ते गीत श्रेष्ठच आहे. पण एक काढून दुसरे ठेवण्याची गरज होती का, हा प्रश्न उरतोच.

बेळगावशी या गीताचा संबंध दोन वाटांनी येतो. एक वाट छावणीची. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून इथे आहे आणि लष्करी बँडची ही चाल इंग्रजी शब्दांशिवाय ओळखणारे निवृत्त जवान खेड्यापाड्यांत आहेत. दुसरी वाट चर्चची. लंडनच्या मिशनऱ्यांनी १८२० मध्ये इथे काम सुरू केले. आज इथल्या मंडळ्यांत मराठी, कन्नड, कोकणी आणि इंग्रजी अशा चारही भाषांत उपासना चालते. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसचे अध्यक्ष महात्मा गांधी यांच्याही हे आवडीचे गीत होते. तेव्हा ‘परके गीत’ हा शिक्का इथे तरी नीट बसत नाही.

गीताचा जन्म थोडक्यात असा. इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावर ब्रिक्सहॅम नावाचे कोळ्यांचे गाव आहे. तिथले पाद्री हेन्री फ्रान्सिस लाइट क्षयाने खंगले होते. रूढ समजुतीप्रमाणे १८४७ च्या सप्टेंबरात, शेवटच्या उपासनेच्या सुमारास, त्यांनी हे लिहिले. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला आज फ्रान्समध्ये असलेल्या नीस इथे त्यांचे निधन झाले. मरणाच्या दारात असलेल्या एका मित्राच्या तोंडचे शब्द ऐकून १८२० मध्येच ते सुचले, असेही काही जण मानतात. लाइट यांनी स्वतः चालही बांधली होती, ती मागे पडली. आज गातात ती ‘इव्हनटाइड’ (सायंकाळ) नावाची चाल १८६१ मध्ये निघालेल्या एका गाजलेल्या इंग्रजी गीतसंग्रहासाठी केलेली आहे. मूळ कडवी आठ. गायली जातात बहुधा पाच. या गळतीने अर्थाचा मोठा घोटाळा केला आहे.

गीताचा आधार बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायातील २९ वी ओवी. अम्माऊस गावाच्या वाटेवर येशूच्या दोन शिष्यांना एक अनोळखी वाटसरू भेटतो. तो पुन्हा उठलेला येशूच असतो, पण ते त्याला ओळखत नाहीत. गाव येते, तो पुढे निघतो आणि ते त्याला आग्रह करतात की आमच्याबरोबर राहा, संध्याकाळ होत आली आहे. ग्रीकमध्ये इथे ‘मेनो’ हे क्रियापद आहे आणि पुढच्याच वाक्यात ‘तो राहायला आत गेला’ म्हणतानाही तेच येते. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे : वस्तीला राहणे. खानापूरकडे रात्री थांबणाऱ्या गाडीला वस्तीची बस म्हणतात आणि उत्तर कर्नाटकच्या कन्नडमध्येही ‘वस्ती’ मुक्कामासाठी चालते. अंधार पडला, पुढे जाऊ नका, आज वस्तीला राहा : सीमाभागातल्या कोणत्याही घरात पाहुण्याला हेच सांगतात. त्यामुळे अम्माऊसची गोष्ट इथे वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

पण गीत या अर्थावर थांबत नाही. वगळलेल्या तिसऱ्या कडव्यात लाइट स्पष्ट म्हणतात की मला ओझरती नजर किंवा जाता जाता टाकलेला शब्द नको. मुक्कामी पाहुणा म्हणून येऊ नकोस, राहा. म्हणजे ओवीतला आग्रह एका रात्रीचा आणि गीतातला कायमचा. पाच कडव्यांवरूनच अर्थ लावला तर हा फरक दिसत नाही. मग ‘मुक्काम कर’, ‘थांब’ असे शब्द सुचतात, जे कवीने नाकारलेल्या अर्थाकडे जातात. ‘थांब’ तर फारच उणा, त्यात पुढे जाणे गृहीत आहे. ‘वास कर’ अर्थाने बरोबर, पण बोलण्यात नाही. आजारी माणसाच्या उशाशी ते म्हणवत नाही. कोकणीतला ‘राव’ थांबणे आणि राहणे दोन्ही सांगतो. कन्नडचा ‘इरु’ म्हणजे असणे आणि राहणेही, त्यामुळे तो या जागी सर्वांत नैसर्गिक बसतो. मराठीत साधा ‘राहा’च योग्य. त्यात वस्ती आहे आणि नांदणेही आहे. मात्र तिसरे कडवे परत गीतात घ्यावे, निदान अर्थ सांगताना वाचून दाखवावे. ते गाळणे ही छापखान्याची सोय होती असे मानले, तरी किंमत अर्थाला मोजावी लागली.

दुसरा गुंता संध्याकाळचा. चालीच्या नावामुळे हे सायंप्रार्थनेचे गीत समजले जाते. पण शेवटच्या कडव्यात मिटत्या डोळ्यांपुढे क्रूस धर अशी विनवणी आहे. उतरणारा दिवस हा आयुष्याचा दिवस आहे. म्हणून रविवारी संध्याकाळी गायले तरी चालते, दफनविधीत गायले तर ते आपल्या जागी असते.

आता चाल. ओळीत दहा अक्षरे आणि सोळा मात्रा, म्हणजे केरव्याची दोन आवर्तने. पहिली ओळ : ग ग रे सा प, ध प प म ग. मात्रा दोन, एक, एक, दोन, दोन. मग चार एकेरी आणि शेवटचा गंधार चार. मूळ पट्टी पेटीवरची काळी दोन. सगळी चाल षड्जापासून धैवतापर्यंतच फिरते. खर्जात उतरत नाही, तारसप्तकात चढत नाही आणि निषाद तर मुळीच नाही. थकलेल्या, रडवेल्या, म्हाताऱ्या आवाजांनाही ती पेलते, तिच्या ओढीचे एक कारण हेच आहे.

चूक होते ती दुसऱ्या ओळीत. तिचा शेवट म रे ग म प असा आहे आणि त्यातला दुसरा मध्यम तीव्र आहे. कानाने वाजवणारे पेटीवाले तो शुद्धच घेतात. मग ऑर्गनवर रे, तीव्र म आणि ध यांचा मेळ असतो, गळ्यात शुद्ध मध्यम येतो आणि दोन्ही एकमेकांना खातात. आपल्या कानाला तीव्र मध्यम म्हणजे सायंकाळची खूण. तो सुटला की अंधार दाटल्याचे सांगणारी ती ओळ सपाट होते. लयही पाडू नये. मिनिटाला ७२ मात्रांच्या लयीत एक ओळ तेरा सेकंदांत होते. ५० वर आली की एकोणीस लागतात आणि श्वास नको तिथे तुटतो.

मराठी शब्द बसवताना पाचव्या स्वरानंतरचा विराम सांभाळावा लागतो. ‘माझ्याजवळ राहा’ म्हटले की ‘रा’ विरामाच्या अलीकडे आणि ‘हा’ पलीकडे पडतो. नेमका महत्त्वाचाच शब्द फुटतो. ‘राहा मजपाशी, सांज हो आली’ असे केले तर ‘मज’ एका स्वरावर येते आणि दोन्ही अर्ध पूर्ण राहतात. पहिला स्वर दोन मात्रांचा असल्याने तिथे गुरू अक्षर हवे. ‘मजपाशी’ने सुरुवात केली तर ‘म’ ओढावा लागतो.

शेवटच्या ओळीत चालकाराने हिशेब वेगळा केला आहे. रे ग म ग रे सा म झाल्यावर गंधार दोन मात्रा, रिषभ दोन आणि षड्ज चार. ‘दीनांच्या नाथा, मजपाशी राहा’ असे शब्द ठेवले तर ‘रा’ला दोन आणि ‘हा’ला चार मात्रा मिळतात. सोळांतल्या सहा मात्रा त्या एका शब्दावर थांबतात.