पश्चिमेच्या भिंतीची ओल: आमच्या ग्राहकांसाठी

जूनचा पाऊस लागला की आमच्याकडे एकच फोन येतो, "हॉलच्या भिंतीला पोपडे आलेत, आतून केमिकल मारून द्या." आम्ही नाही म्हणतो, काहीजण नाराज होतात. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कोल्हापूरचा पाऊस पश्चिमेकडून, गगनबावड्याच्या बाजूनं येतो आणि वारा सुटला की आडवा झोडपतो. जुन्या माणसांनी घरं त्याच हिशोबानं बांधली. काळ्या दगडाचं जोतं, उतरतं छप्पर आणि भिंतीच्या हातभर पुढे आलेली वळचण. पागोळ्या भिंतीपासून लांब अंगणात पडायच्या. मंगळुरी कौलं आली तरी वळचण राहिली. चुन्याच्या गिलाव्यात ओल शिरली तरी पाऊस सरल्यावर वाळून जायची. स्लॅब आला आणि वळचण गेली. खिडकीवर दीड फुटाचा छज्जा तेवढा उरला. बाकी भिंत उघड्यावर.

अशा भिंतीला आतून कोट आणि पुट्टी मारली की पाणी बाहेरून येतच राहतं, फक्त वाळायची वाट बंद होते. पुढच्या पावसाळ्यात ओल कोटाच्या कडेनं शेजारच्या कोपऱ्यात निघते, लोणा, म्हणजे भिंतीतला क्षार, रंगाला मागून ढकलतो. मग तो सगळा थर छिन्नीनं काढावा लागतो. त्यात आमच्या माणसांचे दोन दिवस जातात आणि तुमचा खर्च दुप्पट होतो.

एका घरी तीन वेळा आतून काम झालं होतं. छज्जाच्या खालच्या कडेला बोटभर खाच ठेवतात, पाणी तिथंच टपकावं म्हणून. गिलावा करताना ती बुजली होती. पाणी छज्जाच्या पोटाला चिकटून सरळ भिंतीत उतरत होतं. खाच पुन्हा कापली, खिडकीच्या चौकटीची फट भरली, ओल थांबली. सगळं काम एका दिवसाचं.

म्हणून आम्ही आधी बाहेरून पाहतो, पाइपनं पाणी मारून वाट शोधतो. या पाहणीचे पैसे घेतो, काम दिलंत तर ते बिलातून वजा करतो. ओल्या भिंतीवर कोट मारत नाही, कितीही घाई असली तरी. बाहेरच्या भेगा, कोट, वाढीव छज्जा ही कामं फेब्रुवारी ते एप्रिल, वळवाच्या आधी. गच्चीवर पत्र्याची शेड करायची असेल तर तेव्हाच सांगा, पश्चिमेला पत्रा दोन फूट पुढे काढून देतो.

भर पावसात मात्र एक करा. ओल पहिल्यांदा जिथं दिसेल तिथं पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहा आणि फोटो काढून ठेवा. वाळलेल्या भिंतीवर ती जागा आम्हाला सापडत नाही.